उजवा पीळ

आरिस्तिदेस आज जेवायला आलेला नाही, हे उबाल्दिनाला त्याच्या बुटांच्या आवाजावरूनच कळलं. बारांकियाहून पाच तास गाडी हाकून आलेला मुलगा आधी पाणी मागतो, मग आईच्या गालाला गाल लावतो, मग मोंपोसच्या उकाड्याला शिव्या देतो. हा तडक आत आला, टेबलावरची चीजची ताटली बाजूला सारली आणि हातातला कागद तिथे आपटला.

“गुरुवारी दवाखान्यातून परत आल्यावर पापांनी तुला काय सांगितलं?”

“ठीक आहे म्हणाला सगळं.” उबाल्दिनाच्या हातात माशाच्या रश्शाचं पातेलं होतं. ते तिने तसंच धरून ठेवलं. “यंत्र ठीक, बॅटरी ठीक.”

“यंत्राला काय धाड भरलीय! यंत्र ठीकच आहे. यांचं विचार.”

उबाल्दिनाचा नवरा सातुर्निनो टेबलाच्या टोकाशी बसला होता. पुढ्यात नारळाचा भात, आणि तो अजून उष्टावलेलासुद्धा नव्हता. हात मांडीवर पडून होते. मांडीवर असेपर्यंत ते शहाण्यासारखे शांत असत. चमचा उचलायचा, बटण लावायचं, कुणाला हात मिळवायचा, असं काही मनात आलं की थरथरत सुटत. सात वर्षांपूर्वी त्याच्या कवटीला दोन भोकं पाडून आत तारा घातल्या होत्या आणि गळ्याच्या हाडाखाली काड्यापेटीएवढा डबा शिवला होता. तो डबा पहिल्यांदा चालू केला त्या दिवशी रोब्लेस घराण्याच्या तीन पिढ्यांत पहिल्यांदाच एका पुरुषाने पाण्याने भरलेला पेला एक थेंब न सांडता ओठाला लावला. गल्लीतली माणसं घरात येऊन तो पेला बघून गेली होती. उबाल्दिनाने तो अजून वेगळा ठेवला होता.

“हा कागद नर्सने छापून दिला,” आरिस्तिदेस म्हणाला. “यंत्र सगळं लक्षात ठेवतं, आई. सात वर्षांत ते एक रात्रसुद्धा बंद झालेलं नाही. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी काय बजावलं होतं? झोपताना बंद करायचं, मेंदूला सवय लागू द्यायची नाही. बजावलं होतं की नाही?”

“बजावलं होतं.”

“एक रात्र नाही! आणि गेल्या दोन वर्षांत एकोणतीस वेळा जोर वाढवलाय. आता वाढवायला जागाच उरली नाही.”

एकोणतीस हा आकडा उबाल्दिनाला नवा होता. रात्रीचं मात्र तिला माहीत होतं. पहिल्या वर्षी ती रोज सांगायची, बंद कर, आणि सातुर्निनो म्हणायचा, रात्री तुझ्या अंगावर हात टाकला आणि तो थडथडला तर चालेल तुला? मग तिने सांगणं सोडून दिलं. तिला तो हात स्थिरच हवा होता. ही गोष्ट ती पोरांपुढे कबूल करणार नव्हती.

“मग आता काय म्हणतात डॉक्टर?”

“तीन आठवडे पूर्ण बंद. मेंदू ती सवय विसरला तर विसरला. मग पुन्हा चालू करून बघायचं.”

“आणि मग चालतं?”

“कुणाचं काही महिने चालतं, कुणाचं नाही. ही नुसती सवय आहे की रोगच पुढे गेलाय, ते त्यांनाही छातीठोक सांगता येत नाही. पण बंद केल्याशिवाय कळायचंही नाही.” तो अडखळला. “पहिले दिवस वाईट जातील. ऑपरेशनच्या आधी होतं त्याहून वाईट.”

“मुकुट झाल्यावर बघू,” सातुर्निनो बोलला. वर्षभरात त्याची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांना चिकटून बाहेर पडायचे. “पवित्र आठवड्याला पंचवीस दिवस आहेत. मिरवणुकीतल्या मातेच्या मूर्तीला चांदीचा मुकुट कबूल केलाय मी. चिमटा धरायला हात लागतो.”

“पापा, कुठला हात? हा?”

उबाल्दिनाने नवऱ्याच्या वाडग्यात रस्सा वाढला आणि पातेलं खाली ठेवलं, जरा जास्तच जोरात.

*

आरिस्तिदेसची बहीण नोएलिया कारखान्याच्या दाराला टेकून उभी होती. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. तिथे चांदी मुशीत वितळते, पट्टीच्या भोकांतून ओढत ओढत केसाइतकी बारीक तार होते, दोन तारांना एकत्र पीळ देतात आणि त्या पिळाची वेटोळी चौकटीत भरून, फुंकणीने ज्योत फुंकत डाग देऊन जोडली की झुमके, मासे, फुलं होतात. नोएलिया अडतीस वर्षांची, लग्न मोडून परत आलेली. पॉलिश आणि दुकान ती बघायची. आणि आणखी एक काम करायची, जे आता बाहेर येणार होतं.

“एकोणतीस वेळा बटण दाबलं कुणी?” आरिस्तिदेस विचारत होता. “पापांच्या बोटाला ते बारकं बटण सापडणार आहे का? आई?”

“मी दाबलं,” नोएलिया म्हणाली.

“तू?”

“मग कोण? तू? तू बारांकियात बसून फोनवर ‘पापा कसे आहेत’ विचारतोस आणि मी ‘बरे’ म्हटलं की तुझा जीव भांड्यात पडतो. माझं दुसरं काही तू ऐकलंयस कधी?”

“तुला काही अक्कल? मशीनशी खेळतेस?”

“खेळतेय? यांचा हात थांबायचा, आरिस्तिदेस! मी बटण दाबायचे आणि माझ्या डोळ्यांसमोर थांबायचा. तू होतास का इथे तो थांबताना बघायला?”

खरंच थांबायचा. सातुर्निनो दाराशी येऊन यंत्राचा रिमोट पुढे करायचा, नजर दुसरीकडेच. “एकच घर वर, पोरी,” म्हणायचा. पहिल्या वेळी तीन महिने पुरलं, मग तीन आठवडे, मग चार दिवस. शेवटी शेवटी सकाळी दाबलेलं दुपारच्या जेवणापर्यंतही टिकत नव्हतं. नोएलियाला ते दिसत होतं. पण आपल्या अंगठ्याने बापाला दोन तास तरी सुख देता येतं हे एकदा कळल्यावर नाही कसं म्हणायचं? तिला नाही म्हणता आलं नाही, आणि याचा तिला भावापेक्षाही जास्त राग येत होता.

“आणि जीभ?” आरिस्तिदेस तिच्यावर चालून आला. “ती दिसली नाही तुला? जोर वाढवला की जीभ जाते, तोल जातो, हे पुस्तिकेत पहिल्या पानावर आहे. परवा नदीच्या घाटावर पायऱ्यांवरून पडले. लोक काय म्हणाले ठाऊक आहे? मला बारांकियात कळलं, म्हणजे तुला नक्की ठाऊक असणार.”

“गप्प बस.”

“म्हणाले, बघा, कासिमिरोचा मुलगाही अखेर बापाच्या वाटेनेच गेला!”

टेबलाशी खुर्ची करकरली. सातुर्निनो उठायला बघत होता. टेबलावर टेकलेला हात सुटला आणि वाडगा कलंडून रस्सा टेबलभर पसरला. त्या घरात कासिमिरोचं नाव जेवणाच्या वेळी कुणी काढत नसे.

*

बोलून गेल्यावर आरिस्तिदेसला स्वतःचीच शरम वाटली. पण शरम वाटली की त्याचा आवाज आणखी चढायचा. हा रोब्लेसांचा जुना दोष.

आजोबा कासिमिरो रोज सकाळी एक पेला रम पिऊन मगच चिमटा उचलायचा. त्या एका पेल्याने त्याचा हात तास-दोन तास स्थिर राहायचा. मग दुसरा पेला लागायचा. मोंपोसमध्ये त्याला दारुडा म्हणत, आणि सातुर्निनो, त्याचा स्वतःचा मुलगा, सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा. बापाच्या प्रेताला त्याने खांदाही दिला नव्हता. पुढे स्वतःचा हात थरथरायला लागल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, हा घराण्यातला रोग आहे, दारूने तो थोडा वेळ दबतो, तुमचे वडील औषध घेत होते म्हणा हवं तर. त्या रात्री सातुर्निनो कबरस्तानात जाऊन आला. स्वतः मात्र त्याने कधी थेंब घेतला नाही. डोकं उघडून घेईन, म्हणाला, पण पेला उचलणार नाही.

आणि डोकं उघडायला त्याला तयार कुणी केलं? आरिस्तिदेसने. “दिव्याच्या बटणासारखं आहे, पापा,” असं त्याने सांगितलं होतं. “दाबलं की उजेड.” हेच शब्द. सात वर्षं ते मिरवत होता तो.

“आई, तू सांग यांना,” तो आवाज कसाबसा मऊ करून म्हणाला. “तुझं ऐकतील. पाद्रीबाबांना मी भेटतो. मुकुट पुढच्या वर्षी चढेल. माता काही रुसणार नाही.”

उबाल्दिना सांडलेला रस्सा फडक्याने टिपत होती. ती टिपतच म्हणाली, “मुकुट याच वर्षी चढेल.”

“यांचा हात चालत नाही, यंत्र बंद ठेवायचं, आणि मुकुट होणार. कसा?”

“आजवर होतोय तसा.”

“आई,” नोएलिया म्हणाली. “नको.”

“का नको? पंचवीस दिवस मुकुटाच्या नावाने हा स्वतःचं डोकं जाळून घेणार, आणि मी फडकं घेऊन टेबल पुसत बसू?” तिने फडकं पिळलं. “मुकुट मी करतेय. दोन वर्षांत या घरातून बाहेर पडलेलं सगळं मी केलंय. हा दुपारी झोपला की मी याची वेटोळी काढते आणि माझी भरते. हा उठायच्या आत डाग देऊन होतो.”

आरिस्तिदेसला आधी काही उमगलंच नाही. मग त्याने खिशातून फोन काढला आणि एक फोटो तिच्यापुढे धरला. चांदीचा मासा, खवल्याखवल्यातून उजेड पार जाणारा. “हे? हे पण?”

“हे पण.”

“मी हे डॉक्टरांना दाखवलं!” त्याचा आवाज फाटला. “दर वेळी दाखवलं! ते विचारायचे, हाताचं कसं काय, मी म्हणायचो, बघा, माझ्या वडिलांचं काम बघा. ते हसायचे. म्हणायचे, ज्याच्या हातून हे होतं त्याला काय झालंय? जा घरी. दोन वर्षं आम्हाला घरी पाठवत होते, आई! तुझ्या माशामुळे!”

उबाल्दिनाचा हात थांबला. ही गोष्ट तिच्या स्वप्नातही आली नव्हती. फोटो कुठे जातात हे तिने कधी विचारलं नव्हतं. तो सगळ्यांना दाखवतो, एवढंच तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला बरं वाटायचं.

“मला काय माहीत तू डॉक्टरला दागिने दाखवतोस ते! माणसाचा हात दाखवायचा सोडून!”

“पापा तिथे बसले होते! पापा, तुम्ही तिथे बसला होतात! तुम्ही का नाही—”

तो मध्येच थांबला, कारण सातुर्निनो आता खरंच उठला होता आणि भिंतीला धरून कारखान्यात चालला होता.

*

तो परत आला तेव्हा दोन्ही दंडांनी छातीशी एक ताट दाबून धरलं होतं. ताटात अर्धा झालेला मुकुट होता. ते ठेवताना टेबलावर आपटलं, पण मुकुटाला काही झालं नाही. काम पक्कं होतं.

“उजवा पीळ,” तो म्हणाला.

दोन तारा फळीखाली घोळवून पीळ देतात. रोब्लेसांकडे फळी छातीकडे ओढतात, म्हणून पीळ डावा पडतो. उबाल्दिना पालोमिनोंच्या घरातून आलेली, त्यांच्याकडे फळी पुढे ढकलतात, पीळ उजवा पडतो. विकत घेणाऱ्याला हे दिसत नाही. घरातल्या माणसाला एका नजरेत दिसतं.

“पहिल्या झुमक्यालाच पाहिलं मी,” सातुर्निनो म्हणाला. प्रत्येक शब्द तो ओढून काढत होता. “दोन वर्षांपूर्वी. आंधळा नाही झालोय. हातच गेलाय फक्त.”

“ठाऊक होतं तुला?” उबाल्दिना म्हणाली.

“हो.”

“दोन वर्षं?”

“काय म्हणायला हवं होतं मी? माझ्याच्याने आता होत नाही, बायको करते आणि मी नाव लावतो, असं? म्हणून तर वाढवत होतो ते! एक झुमका, एकच, पुन्हा डाव्या पिळाचा करून तुझ्यापुढे टाकायचा होता मला. मग बोललो असतो.”

मोंपोसमध्ये बायका रडतात आणि पुरुष ओरडतात असं मानायची पद्धत आहे. उबाल्दिना ओरडली. आवाज नदीपलीकडे गेला असेल.

“डावा पीळ मला येत नाही असं वाटलं तुला? चाळीस वर्षं तुझ्या शेजारी बसलेय! डोळे मिटून घालेन! मुद्दाम उजवा घातला मी. मुद्दाम! पहिला झुमका तुझ्या पुढ्यात ठेवला आणि वाट बघत बसले. आज म्हणेल, उद्या म्हणेल, उबाल्दिना, हे काय केलंस, चोर कुठली. शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं. तू उचललास, उजेडात धरलास, आणि नोएलियाला सांगितलंस, ठसा मार.”

सातुर्निनो खाली बघत होता.

“तुझा हात गेला, मान्य. जीभ तर तेव्हा ठणठणीत होती! काम चांगलं झालंय, एवढं म्हणायला कुठला हात लागतो?”

बाहेर गल्लीत कुणीतरी डुलती खुर्ची सावलीत ओढत होतं. नोएलियाने भावाकडे बघितलं. मघापासून एकमेकांना खायला उठलेली ती दोघं आता एकाच भिंतीला चिकटून उभी होती.

सातुर्निनोने शर्टाच्या खिशाशी झटापट केली. तिसऱ्या खेपेला त्यातून एक पोलादी खिळा निघाला, बोटभर लांब, टोकाला उलटं कोरलेलं रोब्लेस. कासिमिरोच्याही बापाचा. दागिना झाला की मागच्या बाजूला यावर हातोडी बसते. तो त्याने टेबलावरून तिच्याकडे ढकलला.

“घे. मुकुट तुझा. ठसा तू मार.”

उबाल्दिनाने तो बघितला आणि त्याच बोटाने परत ढकलला.

“यावर तुझं नाव आहे.”

“घराण्याचं आहे.”

“तेच ते. लग्नाला चाळीस वर्षं झाली, या घरात माझ्या नावाचा ठसा कुणी केला नाही. मीही मागितला नाही, चूक माझी. आता तुझा उष्टा नको मला.”

सातुर्निनोने खिळा तिथेच राहू दिला. मग म्हणाला, “नोएलिया, रिमोट.”

“पापा, आणखी वाढत नाही ते.”

“माहीत आहे. दे.”

तिने आणून दिला. आरिस्तिदेस पुढे झाला, “मी करतो पापा,” पण उबाल्दिनाने मध्ये हात घातला. “कुणी हात लावायचा नाही. चालू ठेवायचा हट्ट याचा होता.”

सातुर्निनोने रिमोट टेबलाच्या कडेला टेकवला आणि अंगठा खाली आणला. अंगठा बाजूला पडला. पुन्हा आणला, पुन्हा चुकला. मग त्याने मूठ वळली आणि बोटाच्या सांध्याने बटण दाबून धरलं. छोटा हिरवा दिवा विझला.

आधी काही झालं नाही. मग त्याने चमचा उचलला, आणि नोएलियाने तोंड फिरवलं.

“इकडे बघ,” तो ओरडला. “सगळ्यांनी बघा! दोन वर्षं झाकलंत ना? मी झाकलं, तुम्ही झाकलंत. बघा आता!”

तो हात पूर्वी थरथरायचा. आता फडफडत होता, खांद्यापासून. भात टेबलावर, शर्टावर, मुकुटाच्या ताटात उडाला. चमचा दातांवर वाजला आणि खाली पडला. त्याने तो पुन्हा उचलला. पुन्हा पडला. रडत होता की संतापला होता ते कळायला मार्ग नव्हता, बहुधा दोन्ही. कुणीही पुढे झालं नाही, कारण ते त्याला चाललं नसतं.

“आरिस्तिदेस,” शेवटी धापा टाकत तो म्हणाला. “तीन आठवडे. मग चालू करायचं. पहिला दिवस तरी हात थांबेल?”

“कदाचित. पहिले काही दिवस. पापा, खोटं नाही सांगत, कदाचित.” बटणासारखं आहे, असं तो या वेळी म्हणाला नाही.

“पवित्र आठवड्याआधी चार दिवस उरतात.” सातुर्निनो बायकोकडे वळला. “तोवर मुकुटाला ठसा मारू नकोस. माझ्याकडे पोलाद पडलंय. एक अक्षर कोरायला एक दिवस बास.”

“एक अक्षर?” उबाल्दिना म्हणाली. “एका अक्षरावर भागवतोस? पूर्ण नाव काढायचं. उबाल्दिना. आठ अक्षरं आहेत.” तिने रोमन अक्षरं एकेक करून बोटांवर मोजून दाखवली.

“आठ? चार दिवसांत? या हाताने?”

“माझं नाव मी ठेवलं नाही. आणि उलटं कोरायचं असतं, ते विसरू नकोस.”

आरिस्तिदेसला हसू फुटलं. ते त्याने दाबलं नाही. नोएलिया डोळे पुसत मुकुटातली भाताची शितं चिमट्याने एकेक वेचू लागली.

उबाल्दिना खुर्ची ओढून नवऱ्याशेजारी बसली. रागाने तिचे कान अजून तापलेले होते आणि ते आज थंड व्हायचे नव्हते. तिने नव्या वाडग्यात रस्सा ओतला, चमचा भरला आणि त्याच्या तोंडाशी नेला. सातुर्निनोने मान मागे घेतली. पोरांपुढे त्याने आजवर कुणाकडून भरवून घेतलं नव्हतं.

“गरम आहे,” तो म्हणाला.

“मग फुंक. जन्मभर फुंकणी फुंकून डाग दिलेस, एवढं तर येतं ना?”

त्याने ओठ पुढे केले आणि चमच्यावर फुंकर घातली, बारीक, सरळ आणि लांब. रस्सा जरासुद्धा हिंदकळला नाही. उबाल्दिनाने ते नीट पाहिलं, आणि दुसरा चमचा भरला.